पाण्यातला सातबारा

चावडीच्या पायरीवर चपला काढून तात्या आत आले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, आमचा सातबारा पाण्यात गेलाय. तेवढा काढून द्या की."

नव्या तलाठ्याला वाटलं, घर गळून कागद भिजले असतील. दप्तरात मूळ नोंद असते, नक्कल मिळेल, फक्त गट नंबर सांगा, असं त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं. तात्यांनी गट नंबर नाही, जुना सर्व्हे नंबर सांगितला. मग दारातूनच पवना धरणाच्या पाण्याकडे हात केला. "त्यो उंबर दिसतोय न्हवं, त्येच्या सरळ रेषेत, दोन शेतं आत."

साल 1999. धरण भरून सत्तावीस वर्षं झाली होती.

तलाठ्याला गावात नाव नसतं. नारायण पेठेत वाढलेल्या, पस्तिशीच्या या माणसालाही पवन मावळात पहिल्या दिवसापासून सगळे 'भाऊसाहेब'च म्हणाले, ऐंशीची म्हातारीसुद्धा. आधीची नोकरी पुरंदरमध्ये गेलेली. तिथे पाणी नसल्याच्या तक्रारी ऐकायची सवय झाली होती. पाण्याखाली गेलेल्या जमिनीचा सातबारा मागणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता.

धरण म्हणजे काय, हे पुणेकराला दोनच प्रकारे ठाऊक असतं. एक नळ, आणि दुसरा 12 जुलै 1961. पानशेत फुटलं तेव्हा भाऊसाहेबांचा जन्मही झाला नव्हता, पण वाड्याच्या भिंतीवर पाणी कुठवर चढलं होतं हे आजी दर पावसाळ्यात हात वर करून दाखवायची, आणि दर वर्षी तो हात थोडा आणखी वर जायचा. धरणामागच्या पाण्याखाली कुणाचा बांध, कुणाची पांद आणि कुणाचं मसणवट असतं, हे आजीच्या गोष्टीत कधी आलं नाही. ते या चावडीत कळलं.

पवना नदीवरचं हे धरण 1972 मध्ये पुरं झालं. साठा साडेआठ टीएमसीच्या आसपास. तुंग, तिकोना, लोहगड हे किल्ले वरून पाहतात आणि खाली त्यांच्याच पायथ्याची शेतं बुडालेली. बाधित गावं एकोणीस, बाधित खातेदार 1203. त्यांतल्या 340 जणांना पर्यायी जमीन मिळाली, 863 जणांचं प्रकरण 'प्रलंबित' राहिलं. हे आकडे मावळातल्या कुठल्याही आंदोलनात, कुठल्याही निवेदनात आजही पाढ्यासारखे म्हटले जातात. त्यात एक तिढा असा, की प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रानं केला 1976 मध्ये. म्हणजे पाणी आधी आलं, कायदा चार वर्षांनी.

तात्यांचं प्रकरण त्या 863 मध्येही नव्हतं आणि 340 मध्येही नव्हतं. भाऊसाहेबांनी दोन दिवस रुमाल सोडून जुने फेरफार चाळले तेव्हा कारण सापडलं. जमीन तात्यांच्या थोरल्या चुलत्याच्या नावावर होती आणि नावापुढे तीन अक्षरं होती: ए.कु.मॅ. एकत्र कुटुंब मॅनेजर. चार भावांचं कुटुंब, नाव एकाचं. जमीन कसली चौघांनी, संपादनाची नोटीस निघाली एकाला, निवाड्यात नाव एकाचं. खातेदार म्हणून मोजला गेला तोही एकच.

1203 खातेदार म्हणजे 1203 माणसं नव्हेत, हे भाऊसाहेबांना त्या दिवशी उमगलं. कागदावर एक नाव असतं आणि त्या नावाच्या आडोशाला दहा-पंधरा माणसं जेवत असतात. तात्यांना मुलासाठी प्रकल्पग्रस्ताचा दाखला हवा होता. सरकारी नोकरीत प्रकल्पग्रस्तांना पाच टक्के समांतर आरक्षण आहे, हे त्यांना गावातल्या कुणीतरी सांगितलं होतं. त्यासाठी त्या सर्व्हे नंबरशी आपलं नातं दाखवणारा एक कागद, कुठलाही एक कागद, त्यांना पाहिजे होता. भाऊसाहेबांनी सातबारा काढला. भोगवटादाराच्या रकान्यात 'महाराष्ट्र शासन' होतं. तात्यांनी नक्कल हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "मग आमी कोण?"

या प्रश्नासाठी गाव नमुन्यात रकाना नाही.

भाऊसाहेबांनी खोली घेतली होती पवनानगरला, लोकांच्या तोंडी अजूनही काले कॉलनी. धरण बांधताना मजूर-कारकुनांसाठी जी वसाहत उभारली, तीच पुढे बाजारपेठ झाली. सातबारा म्हणजे खरं तर दोन नमुने: सात म्हणजे जमीन कुणाची, बारा म्हणजे तीत काय पिकतं. भाऊसाहेबांच्या सज्ज्यात बाराचं काम सोपं होतं. खरिपाला भात, भात आणि भात. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं 1987 मध्ये आणलेली इंद्रायणी तोवर खोऱ्यात पक्की रुजली होती. आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून झालेलं हे वाण. वास आजोळचा, उतारा बापाकडचा, असं एक शेतकरी सांगायचा. सातचं काम मात्र अवघड होत चाललं होतं, कारण उत्तरेकडून रस्ता येत होता.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची जमीन त्यांच्या आधीच्या भाऊसाहेबांच्या काळात गेली होती. आता भराव पडत होता. रात्रंदिवस डंपर, मुरुमाचे डोंगर, आणि भाताच्या खाचरांतून ओढलेली एक सरळ रेघ. 94.5 किलोमीटरचा, सहा पदरी, काँक्रीटचा रस्ता. पहिले टप्पे 2000 मध्ये सुरू झाले आणि 2002 मध्ये कळंबोलीपासून देहूरोडपर्यंत सलग वाहू लागला. भाऊसाहेब कामशेतहून पवनानगरकडे जाताना रोज तो ओलांडत. त्यावर चढत मात्र कधीच नसत. त्यांच्याकडे एम-एटी होती आणि या रस्त्यावर दुचाकीला बंदी. बैलगाडीला बंदी, ट्रॅक्टरला बंदी, पायी चालणाऱ्याला बंदी. म्हणजे ज्या ज्या साधनानं गाव हलत होतं, त्या प्रत्येकाला.

एका शेतकऱ्याचा गोठा रस्त्याच्या अलीकडे आणि खाचर पलीकडे राहिलं. आधी ओरडून हाक मारली तर ऐकू जायचं इतकं अंतर. आता कुंपणाच्या कडेकडेनं मोरीपर्यंत जायचं, मोरीतून पलीकडे निघायचं, परत कडेकडेनं यायचं. जुलैत मोरीत गुडघाभर पाणी. म्हशींनी पहिले काही महिने जुनीच वाट धरली आणि तारेपाशी येऊन उभ्या राहायच्या. पुढे त्यांनीही मोरीची वाट पाठ केली. मालकानं मात्र पलीकडचं खाचर सोडून दिलं. भाऊसाहेबांनी पीकपाहणीत तिथे 'पड' लिहिलं. त्या वर्षी रस्त्याच्या पट्ट्यात 'पड' हा शब्द त्यांनी जितक्या वेळा लिहिला, तितका पुरंदरच्या दुष्काळातही लिहिला नव्हता.

पडीक जमिनीचा भाव चढायला लागला तो याच काळात.

आता भाऊसाहेबांच्या हातून झालेली गोष्ट. ते ती स्वतःच सांगतात, आणि सांगताना शब्द सावकाश होतात.

एक बाप वारला. तीन मुलगे, दोन मुली. वारस नोंदीसाठी मुलगे आले, सोबत गावातली दोन वजनदार माणसं. म्हणाले, "बहिणींची नावं इतर हक्कात टाका, भाऊसाहेब. तशीच पद्धत आहे." पद्धत होतीच. मुलग्यांची नावं भोगवटादाराच्या रकान्यात आणि मुलींची शेजारच्या 'इतर हक्क' रकान्यात, जिथे बोजा आणि विहिरीतला पाण्याचा हिस्सा लिहितात तिथे. पण महाराष्ट्रानं 1994 मध्येच वारसा कायदा दुरुस्त करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलग्याइतका हक्क दिला होता, आणि भाऊसाहेबांना तो माहीत होता. नोकरीतल्या प्रशिक्षणात शिकवला होता. तरी त्यांनी पद्धतीप्रमाणे लिहिलं. चहा झाला, विषय संपला.

पुढे त्यांची बदली झाली. रस्त्यालगतच्या त्या जमिनीला गिऱ्हाईक आलं, बहिणींकडून हक्कसोड लिहून घेतली गेली, माहेरची साडी दिली गेली आणि इतर हक्कातली दोन नावं कंस करून उडाली. भाऊसाहेबांनी ती नावं वरच्या रकान्यात लिहिली असती तरी हक्कसोड झालीच असती, असं त्यांचे सहकारी म्हणतात. असेल. पण मग बहिणींना निदान कळलं असतं की आपण काय सोडतोय. तात्यांच्या चुलत्याच्या नावापुढची तीन अक्षरं ज्यानं कुणी लिहिली, त्याच्याबद्दल भाऊसाहेब मनात जे बोलले होते, ते सगळं इथे त्यांनाही लागू होत होतं.

9 ऑगस्ट 2011 ला ते दुसऱ्या तालुक्यात होते. कचेरीतल्या टीव्हीवर मावळातल्या बऊर गावाचं नाव आलं. धरणापासून निगडीपर्यंत सुमारे पस्तीस किलोमीटरची बंद जलवाहिनी टाकायची होती, पिंपरी-चिंचवडसाठी. तोवर पाणी धरणातून नदीत सोडायचे, ते वाहत वाहत रावेतच्या बंधाऱ्यावर पोचायचं आणि तिथून उचललं जायचं. आजही तसंच चालतं. महापालिकेचं म्हणणं, वाटेत पाणी मुरतं, उपसलं जातं, घाण मिसळते. नदीकाठच्या शेतकऱ्याचं म्हणणं, पाणी नळीत गेलं तर नदीत काय राहणार, माझ्या मोटारीनं काय उपसायचं? दोन्ही म्हणणी खरी होती, हीच त्यातली अडचण. शेतकऱ्यांनी द्रुतगती मार्ग अडवला, पोलिसांनी गोळीबार केला. तीन जण गेले, त्यांत एक बाई होती.

टीव्हीच्या पट्टीवर गावांची नावं सरकत होती आणि भाऊसाहेबांच्या डोळ्यांपुढे त्या त्या गावचे गट नंबर. शेजारच्या टेबलावरच्या कारकुनानं विचारलं, "पाण्यासाठी भांडायचं तर धरणावर जायचं, रस्ता कशाला अडवला?" भाऊसाहेब म्हणाले, "धरणावर कुणी बघायला येत नाही."

या खोऱ्यानं पाण्यासाठी आधीही मोजलं आहे. शेजारच्या मुळशीत सेनापती बापटांचा सत्याग्रह 1921 मध्ये सुरू झाला तो टाटांच्या धरणाविरुद्ध. मावळातलंच वळवण, शिरवटा आणि ठोकरवाडीचं पाणी घाटाखाली सोडून खोपोली आणि भिवपुरीला वीज होते, ती मुंबईकडे जाते. पवनेचं पाणी पूर्वेला उतरून पिंपरी-चिंचवडच्या नळात जातं. डोंगरावर पडणारा एकच पाऊस, त्याचा अर्धा मुंबईच्या दिव्यात आणि अर्धा पुण्याच्या बाजूच्या बादलीत. हे सगळं सातबाऱ्यावर येत नाही, म्हणून तलाठ्याला त्यावर बोलायचा अधिकार नाही. भाऊसाहेबांचे मेहुणे चिंचवडला राहतात. 2019 पासून तिथे पाणी दिवसाआड येतं. दिवाळीच्या फराळाला मेहुणे हमखास म्हणतात, "तुमच्या मावळवाल्यांनी पाइपलाइन अडवली." भाऊसाहेब चकली खातात. जलवाहिनीवरची स्थगिती 2023 मध्ये उठली, त्या दिवशी मेहुण्यांनी फोन केला होता.

2017 मध्ये भाऊसाहेब पुन्हा त्याच सज्ज्यात आले. आता रोज शिवाजीनगरहून लोणावळा लोकल, कामशेतला उतरायचं, स्टेशनजवळ लावलेली मोटारसायकल काढायची. दप्तर संगणकात गेलं होतं. गाव ओळखू येत होतं, पण जरा थांबून.

चढावरून खाली पाहिलं की भाताच्या हिरव्यात पांढरे चौकोन दिसायचे. पॉलिहाऊस. आत गुलाब, बहुतेक 'टॉप सिक्रेट' नावाचा लाल, लांब दांड्याचा. जानेवारीच्या शेवटी तोडणीची घाई सुटते, कारण 14 फेब्रुवारीच्या आत फुलं परदेशी पोचायला हवीत. शीतगाडीत भरलेली फुलं द्रुतगती मार्गानं मुंबईच्या विमानतळाकडे जातात. ज्या रस्त्यावर पिकवणारा स्वतःची मोटारसायकल घालू शकत नाही, त्यावरून त्याचं फूल दोन-अडीच तासांत विमानापाशी. इथे मात्र रस्त्याला शिव्या घालणारा कुणी भेटला नाही. "एक्स्प्रेस हायवे नसता तर गुलाब लावला असता कुणी?" एका तरुण उत्पादकानं विचारलं. त्याच्या वडलांनी त्याच रस्त्याला दीड एकर दिली होती. बापलेक एकाच घरात राहतात आणि या विषयावर बोलत नाहीत.

शनिवारी चावडीत वेगळी गर्दी व्हायची. पुण्या-मुंबईची माणसं, चांगली बोलणारी, पाण्याच्या कडेला जागा शोधणारी. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायची तर आधी शेतकरी असावं लागतं. 1948 च्या कूळकायद्यातलं हे कलम शहरी माणसाला मावळात आल्यावर भेटतं. मग आजोबांचा विदर्भातला सातबारा शोधला जातो. भाऊसाहेबांना एकानं विचारलं, "शेतकरी व्हायला काय लागतं?" प्रश्न दाखल्याबद्दल होता. भाऊसाहेबांनी उत्तरही दाखल्याबद्दलच दिलं, पण त्या माणसाच्या बुटांकडे एकदा पाहिलं.

ऑगस्ट 2021 मध्ये ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्यानंच मोबाइलवर आपल्या पिकाचा फोटो काढून नोंद करायची. शिकवायला भाऊसाहेब वाडीवाडीवर फिरले. जिथे रेंज तिथे शेत नाही, जिथे शेत तिथे रेंज नाही, हा नेहमीचा गोंधळ झालाच. पण काठावरच्या एका पोरानं अडचणीत टाकलं. "भाऊसाहेब, माझ्या शेतात तंबू आहेत. पीक काय टाकू?" पिकांच्या यादीत ज्वारी होती, खुरासणी होती, वरई होती. तंबू नव्हता. दोघांनी मिळून हसून घेतलं आणि 'गवत पड' टाकलं.

तंबूंचा धंदा साताठ वर्षांत फोफावला. शनिवारी संध्याकाळी द्रुतगती मार्गावरून उतरलेल्या गाड्या पवनेच्या काठाला रांगेत लागतात. रात्री शेकोटी, कोंबडी, गाणी. सकाळी पोहे आणि तिकोन्याच्या मागून येणाऱ्या उजेडाचे फोटो. वाडीतल्या बायका शंभर माणसांच्या भाकऱ्या थापतात. ज्या वाडीत एप्रिलमध्ये हंडे घेऊन उतार उतरावा लागतो, त्याच वाडीतून पाहुण्यांसाठी बाटलीबंद पाण्याची खोकी खाली जातात. पोहता न येणारे शहरातले पोरगे पाण्यात उतरतात आणि कधीतरी एखादा वर येत नाही. तेव्हा शोधायला गावातलीच पोरं उड्या घेतात, कारण तळाचे बांध कुठे, विहीर कुठे, हे त्यांनी आजोबांकडून ऐकलेलं असतं.

मे महिन्यात पाणी उतरतं. वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ उघडं पडतं, बघायला गर्दी होते. गाळपेराची जमीन मोकळी होते. मे 2022, भाऊसाहेबांच्या नोकरीचा शेवटचा उन्हाळा. पाणी पार खाली गेलं होतं. उंबराच्या सरळ रेषेत, दोन शेतं आत, निळ्या-केशरी तंबूंची ओळ उभी होती. तात्यांच्या नातवाची.

त्यानं जागा मुद्दाम निवडली होती का, हे भाऊसाहेबांनी विचारलं नाही. सत्तरी ओलांडलेले तात्या एका तंबूच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. काठीनं जमिनीवर रेघ मारून ते पुण्याच्या दोन मुलींना सांगत होते, की इथे बांध होता, इथे आंब्याचं झाड, आणि तुम्ही झोपलात ती वरकस. मुलींनी त्यांचा व्हिडिओ काढला. तात्यांनी टोपी सरळ केली.

पंधरा दिवसांनी ते चावडीत आले, त्याच पायरीवर चपला काढून. हातात एका खात्याची नोटीस होती. संपादित क्षेत्रात विनापरवाना तंबू उभारल्याबद्दल, सात दिवसांत अतिक्रमण काढावे, अन्यथा कारवाई. नातू घाबरला होता. भाऊसाहेबांनी नोटीस वाचून दाखवली.

"पुन्हा वाचा. वरचं."

भाऊसाहेबांनी पुन्हा वाचलं. मौजे अमुक, तालुका मावळ, जिल्हा पुणे.

"त्येच्या खालचं."

खाली जुना सर्व्हे नंबर होता. त्याच्या पुढे नातवाचं नाव, वडलांचं नाव, आडनाव. आणि शेवटी: 'यांचे ताब्यात आढळून आले.'

तात्यांनी नोटीस मागून घेतली. चष्मा नव्हता, तरी बराच वेळ पाहिली. शिक्का कुठे आहे ते विचारलं, बोटानं चाचपून घेतला. मग खिशातली प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात 1999 ची ती 'महाराष्ट्र शासन' लिहिलेली नक्कल होती, घड्यांवर फाटलेली. नोटीस तिच्यासोबत घडी घालून ठेवली आणि नातवाला म्हणाले, "तंबू काढू उद्या. ह्यो कागद मातुर हरवू नगं."